वरातीतला एक बार आणि दोन फायली: माझा अनुभव

फौजदारी वकिलीत शस्त्र परवानाधारकांची जी प्रकरणे माझ्याकडे येतात, त्यांत घरची मंडळी बहुधा एकच वाक्य घेऊन येतात: "साहेब, कुणाला लागलं नाही." वरात, वाढदिवस किंवा निकालाचा गुलाल, हवेत एक-दोन बार, कुणाच्या तरी मोबाइलवर चित्रण, आणि मग गुन्हा. कुणाला लागले नाही याचा उपयोग जामिनाला होतो, गुन्हा टाळायला नाही. शस्त्र अधिनियम 1959 मध्ये 2019 च्या दुरुस्तीने कलम 25 चे पोटकलम 9 आले. बेदरकारपणे, निष्काळजीपणे किंवा आनंदोत्सवात गोळीबार करून इतरांचा जीव वा सुरक्षितता धोक्यात आणली, की दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. सार्वजनिक मेळावा, धार्मिक स्थळ, लग्न, इतर समारंभ हे सगळे व्याख्येतच आहे.

कलम 38 मुळे हा गुन्हा दखलपात्र आहे, पण शिक्षा तीन वर्षांच्या आत असल्याने जामीनपात्र. त्यामुळे नुसते 25(9), जोडीला परवान्याच्या अटी मोडल्याचे कलम 30 आणि भारतीय न्याय संहितेचे कलम 125 (इतरांचा जीव धोक्यात आणणे) असेल तर कागद सरळ असतात. अडचण येते ती पोलिसांनी संहितेचे कलम 109, म्हणजे खुनाचा प्रयत्न, लावल्यावर. हवेत झाडलेल्या गोळीला ते टिकणे अवघड, पण ते गळेपर्यंत माणूस कोठडीत असतो. परवान्याची मुदत संपलेली निघाली तर बेकायदा बाळगण्याचे कलम लागते; तिथे किमान शिक्षा ठरलेली आहे आणि गुन्हा अजामीनपात्र. म्हणून मी पहिल्यांदा मागतो तो परवान्याचा मूळ कागद, एफआयआरची प्रत नंतर.

बार मालकाने नव्हे, पुतण्याने काढला असेल तर गुंता वाढतो. शस्त्र अधिनियमाच्या कलम 3 च्या परंतुकात (अपवादाच्या तरतुदीत) मालकाच्या समक्ष दुसऱ्याला शस्त्र नेता येते, पण ते दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा मालकाच्याच वापरासाठी. "मी शेजारीच उभा होतो" असे सांगून पुतण्या वाचत नाही, आणि शस्त्र हाती दिले म्हणून मालक कलम 29 मध्ये सापडतो.

पहिल्या रात्रीचे नुकसान मात्र घरचेच लोक करतात. कुणी पुंगळ्या (झाडलेल्या काडतुसांची रिकामी टरफले) गोळा करून विहिरीत टाकतो, कुणी नळी तेलाने पुसून बंदूक पाहुण्यांकडे पाठवतो. याने पुरावा जात नाही, पुरावा नष्ट केल्याचे न्याय संहितेचे कलम 238 तेवढे वाढते. अटकपूर्व जामिनाला सरकारी वकिलांचा हुकमी मुद्दा असतो "शस्त्र जप्त करायचे आहे". शस्त्र, उरलेली काडतुसे आणि परवाना आहे त्या स्थितीत स्वतः ठाण्यात नेऊन जप्ती पंचनामा करून घेतला की तो मुद्दा उरत नाही. पंचनाम्यात शस्त्राचा क्रमांक, बोअर (नळीचे माप), जिवंत काडतुसे किती, पुंगळ्या किती आणि कुठे सापडल्या, मोहोर लागली का, हे सही करण्यापूर्वी वाचावे. रिव्हॉल्व्हर पुंगळी बाहेर फेकत नाही. ती चक्रीतच, म्हणजे काडतुसांच्या फिरत्या नळकांड्यातच, राहते. पिस्तूल फेकते. रिव्हॉल्व्हरच्या प्रकरणात रस्त्यावर पुंगळी सापडल्याचे लिहिले असेल तर चक्री कुणी आणि का उघडली, हे पंचांना उलटतपासणीत विचारावे लागते.

पुढे मुद्देमाल न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. पुंगळीच्या बुडावरच्या पिनच्या खुणा चाचणी-गोळीच्या पुंगळीशी जुळवतात. रिव्हॉल्व्हर-पिस्तुलाच्या गोळीवर नळीतल्या आट्यांचे (पिळदार खाचांचे) चरे उमटतात. बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुकीची नळी गुळगुळीत असल्याने छऱ्यांवरून बंदूक ठरत नाही, सारा भार पुंगळीवर. बचावाच्या दृष्टीने अहवालातली मोलाची ओळ वेगळीच: शस्त्र चालू स्थितीत आहे का आणि चाप किती जोराने ओढावा लागतो. चाप नीट जड असेल तर "आपोआप उडाली" तिथेच संपते.

आणि हेच वाक्य सर्वांत महागात पडते. अपघाताचा बचाव न्याय संहितेच्या कलम 18 मध्ये आहे, पण त्यासाठी कृत्य कायदेशीर, कायदेशीर रीतीने आणि योग्य खबरदारीने केलेले असावे लागते. शस्त्र नियम 2016 चा नियम 32 लग्न, जत्रा, मिरवणुकीत शस्त्र मिरवणे आणि उडवणे मना करतो. वरातीत भरलेली बंदूक बाहेर काढली तिथेच खबरदारी संपली. "चुकून" म्हटल्याने हेतू कदाचित पुसला जाईल, निष्काळजीपणा मात्र आपल्याच तोंडून कबूल होतो. कुणी दगावले तर हिशेब आणखी बदलतो: निष्काळजीपणाने मृत्यू, न्याय संहितेचे कलम 106, पाच वर्षांपर्यंत, आणि गर्दीतल्या गोळीबाराला न्यायालये तिथेच थांबतील असे नाही. उत्तराखंडातल्या एका लग्नात छताच्या दिशेने झाडलेल्या बाराचे छर्रे पाहुण्यांना लागले. त्या प्रकरणात 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खुनाची शिक्षा बदलली, तरी सदोष मनुष्यवधाची दहा वर्षे कैद झालीच.

दुसरी फाईल, परवान्याची, जिल्हाधिकारी कार्यालयात उघडते (आयुक्तालयाच्या हद्दीत पोलिस आयुक्तांकडे), आणि पक्षकार तिच्याकडे सर्रास दुर्लक्ष करतात. शस्त्र अधिनियमाच्या कलम 17 खाली कारणे दाखवा नोटीस येते. निव्वळ गुन्हा दाखल आहे म्हणून परवाना रद्द करता येत नाही, असे उच्च न्यायालयांनी अनेकदा म्हटले आहे. पण ते निवाडे शेतीच्या बांधावरच्या भांडणात कामाला येतात. इथे घटना त्याच शस्त्राची, म्हणून सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण लिहायला प्राधिकाऱ्याला कष्ट पडत नाहीत. ठाण्यातला "चुकून उडाली" हा खुलासा इथे शस्त्र हाताळता येत नसल्याची कबुली म्हणून वाचला जातो. खुलासा लेखी, थोडक्यात आणि फौजदारी बचावाशी जुळवूनच द्यावा. आदेश विरुद्ध गेला तर अपील तीस दिवसांत, त्याच अधिनियमाच्या कलम 18 खाली.

खटला लांबला की पक्षकार म्हणतो, कबूल करून दंड भरू आणि सुटू. दंड परवडतो, दोषसिद्धी परवडत नाही: कलम 17(7) खाली शिक्षा देणारे न्यायालयच परवाना रद्द करू शकते. तसा रद्द झालेला परवाना अपिलात शिक्षा पुसली गेली तर आपोआप जिवंत होतो. जिल्हाधिकाऱ्यांनी रद्द केलेला मात्र निर्दोष सुटल्यावरही आपोआप परत येत नाही. त्याची दाद स्वतंत्र मागावी लागते.

मुद्देमाल परत मागायचा अर्जही परवाना जिवंत असेल तरच चालतो. नसेल तर कलम 21 प्रमाणे शस्त्र ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा राहते, आणि विहित मुदतीत विकले वा हस्तांतरित केले नाही तर सरकारजमा होऊ शकते. घरात दुसरे शस्त्र त्याच परवान्यावर असेल तर तेही त्याच दिवशी जमा करून पावती घ्यावी, आणि पावतीवर काडतुसांची संख्या लिहून घ्यावी.