हिरोच्या मागे काय चाललंय

जुना पिक्चर पहिल्यांदा बघतो तेव्हा आपण तो धड बघतच नाही, असं माझं आपलं एक मत आहे. तेव्हा सगळा जीव गोष्टीत अडकलेला, आता काय होणार, हिला कळणार का, तो स्टेशनवर वेळेत पोचणार का. एकदा ते कळलं की माणूस मोकळा होतो. मग मी हिरोकडे बघतच नाही, हिरोच्या मागे काय चाललंय ते बघते. मागून बस जाते, रस्त्यावरचा कोणीतरी खराखुरा माणूस थबकून कॅमेऱ्याकडे टकामका बघतो, भिंतीवर कॅलेंडर असतं, फळीवर डबे असतात, आणि पुढे हिरोहिरॉइनचं कडाक्याचं भांडण चालू असताना मी आपली त्या डब्यांना झाकणं नीट लागलीयेत का ते बघत बसते.

या बाबतीत दिग्दर्शक बासू चटर्जींसारखा दाता नाही. त्यांचा 'छोटी सी बात' घ्या. अमोल पालेकर विद्या सिन्हाच्या मागे मागे बसस्टॉपवर उभा राहतो आणि बोलायची हिंमत होत नाही, मधे असरानी येऊन भाव खातो, मग खंडाळ्याला अशोककुमारकडे शिकवणी, हे सगळं आता मला झोपेत विचारलं तरी सांगेन. पण ती बसची रांग बघा, त्या रांगेतल्या बायकांच्या पर्स बघा, ऑफिसातल्या फायली बघा. मी फोर्टमध्ये नोकरी केली, पिक्चरमधली जॅक्सन तोलाराम नावाची कंपनी खरी नव्हती पण तिच्यासारखी ऑफिसं आमच्या गल्लीत ढिगानं होती, तशीच टेबलं, तसेच लंच अवरला चष्मा पुसणारे साहेब. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार आठवतं का? पगार झाला की आम्ही मैत्रिणी तिथे जायचो, एका चहावर किती वेळ बसायचं याला लाज नव्हती आम्हाला. २०१५ साली ते बंद झालं. पिक्चरमध्ये मात्र अजून चालू आहे.

त्यांचाच १९७९चा 'मंझिल'. त्यातलं पावसातलं 'रिमझिम गिरे सावन' हे गाणं आमच्याकडे गाणं म्हणून लागतच नाही, ते परीक्षेसारखं लागतं. आमचे हे रिमोट हातात घेऊन बसतात आणि दर दोन कडव्यांना थांबवून विचारतात, सांग हे कुठलं? हे ओव्हल मैदान, हा मरीन ड्राइव्ह, इतपत कोणालाही येतं, पण मागे जी कोपऱ्यातली इमारत दिसते तिच्यावरून आमच्यात कायम वाजतं. अमिताभ सुटाबुटात चिंब भिजलाय, मौसमी चटर्जी साडीत, दोघं हसत हसत धावतायत आणि मागे छत्रीवाले लोक आपापल्या कामाला चाललेत. लोकांना त्यात प्रेम दिसतं. मला साडीची काळजी. तशी निथळणारी साडी नेसून चर्चगेटहून लोकलने घरी जाणं काय असतं ते केलंय त्यालाच माहीत.

१९७०चा 'मुंबईचा जावई' आणि त्यावरून बासूदांनीच १९७२ला हिंदीत केलेला 'पिया का घर', हे दोन लागोपाठ बघावेत असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. गोष्ट एकच, एवढीशी जागा, घरभर माणसं आणि नवीन लग्न झालेल्या जोडप्याला दोन शब्द बोलायला कोपरा नाही. हिंदीत जया भादुरी आहे, गोड आहे, प्रश्नच नाही. पण मराठीत ती गर्दी आपल्याच नात्यातली वाटते. अर्थात मी गिरगावातल्या चाळीत वाढले म्हणून असेल, मी काही निःपक्षपाती पंच नव्हे.

टीव्हीचं मात्र असं करता येत नाही, आणि हे माझं खरं दुखणं. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ला. आमच्या मजल्यावर एकाच बिऱ्हाडात टीव्ही, मग काय, पुढचं सगळं तुम्हाला माहितीये, ती चपलांची रास वगैरे, ते सगळ्यांनी लिहून झालंय. सांगायचंय ते वेगळंच. विनायक चासकरांचा 'गजरा', विजया जोगळेकर-धुमाळेंनी केलेलं 'चिमणराव गुंड्याभाऊ', त्यातले दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे, हे आम्ही बघितलं ते एकदाच आणि घाईघाईत, पुढच्या डोक्यांच्या फटीतून. तेव्हा टेप महाग असायच्या, त्याच टेपवर पुन्हा दुसरं रेकॉर्डिंग करायचे, त्यामुळे किती काय पुसलं गेलं. आता माझी बहीण छातीठोकपणे सांगते की एका भागात काऊ, म्हणजे चिमणरावांची बायको, त्यांना असं असं म्हणाली, मी म्हणते शक्यच नाही ते गुंड्याभाऊंचं वाक्य, आणि या वादाचा निकाल लावायला काही म्हणजे काही शिल्लक नाही. पिक्चर असता तर थांबवून दाखवलं असतं तिला!

स्मिता पाटील तेव्हा मराठी बातम्या द्यायची. जीन्सवरच साडी गुंडाळून ती कॅमेऱ्यासमोर बसायची हा किस्सा आता सगळ्यांना माहीत आहे, आम्हाला तेव्हा काय कल्पना, आम्ही काठ बघायचो आणि ठरवायचो की अशीच साडी घ्यायची. काय सांगू, हे कळल्यापासून कुठलाही निवेदक बघितला की माझी नजर टेबलाच्या खाली जाते.

शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी पिक्चर असायचा, आणि कोणी मोठा पुढारी गेला की तो रद्द होऊन नुसती सनई नाहीतर सारंगी. आधी पिक्चर गेल्याचं वाईट वाटायचं, मग माणूस गेल्याचं. खोटं कशाला बोला.

प्रभात फिल्म कंपनीचे पिक्चर मी टीव्हीवरच पहिल्यांदा बघितले. १९३६चा 'संत तुकाराम', विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा थोरच, पुढच्याच वर्षी व्हेनिसमध्ये त्या पिक्चरचा गौरव झाला. पण मी बघते गौरीबाईंची जिजाई. त्या काही शिकून तयार झालेल्या नटी नव्हत्या, प्रभातमध्येच किरकोळ कामं करता करता पडद्यावर आल्या असं सांगतात. त्यांचं म्हशीबरोबरचं वागणं बघा, पोराला ओढून नेणं बघा, पदर खोचणं बघा. नवरा विठ्ठलात रमलेला आणि हिच्या डोक्यात संध्याकाळची भाकरी. चमत्कार होतो तेव्हा सगळे वर बघतात, मी तिच्याकडे बघते.

पुण्यात लॉ कॉलेज रोडवर १९६४पासून फिल्म अर्काइव्ह आहे म्हणून हे निदान बघायला मिळतं. तरी जानेवारी २००३मध्ये तिथल्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात आग लागली आणि प्रभातच्या जुन्या नायट्रेट रिळांचाही त्यात कोळसा झाला. नायट्रेट म्हणजे मुळातच भडकायला टपलेला माल. प्रती दुसरीकडे होत्या म्हणून पिक्चर वाचले, पण मूळ निगेटिव्ह ती निगेटिव्हच.

आणि एवढ्यातून वाचलेल्या पिक्चरची घरोघरी काय दशा होते ते बघा. जुनी फ्रेम जवळजवळ चौकोनी, आताचा टीव्ही लांबट. मग चॅनेलवाले एकतर ती ताणतात, सगळे नट जाडजूड दिसतात, आमच्या नातीला खरंच वाटायचं की पूर्वी माणसं अशीच गुबगुबीत असायची. नाहीतर वरून खालून कापतात, म्हणजे फळीवरचे डबे गेले आणि पायातल्या वहाणाही गेल्या, राहिलं काय तर नुसता चेहरा. वर एका कोपऱ्यात लोगो, खाली पट्टी, म्हणजे मला नेमकं बघायचं असतं तेवढंच झाकलेलं. रंगवलेल्या ब्लॅक अँड व्हाइट पिक्चरबद्दल तर मी बोलतच नाही, डॉक्टरांनी बीपी सांभाळायला सांगितलंय.

यावर उपाय आहे, मुलाने शिकवला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये पिक्चर साइज की काहीतरी असतं, त्यात ४:३ निवडायचं, ताणलेलं चित्र परत होतं तसं होतं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतात. आमच्या ह्यांना ते पट्टे सहन होत नाहीत, म्हणतात एवढा मोठा टीव्ही घेतला तो काय काळं बघायला, पैसे पूर्ण टीव्हीचे दिलेत. मग ते रुंद करतात, मी परत बारीक करते, आणि या भानगडीत इंटरव्हल होतो.