भाजक्या अक्षतांचा वास

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी साडेसहाला फोन वाजला. बार्शी रोडकडच्या एका लॉन्सचे मालक. "मिस्त्री, उद्या लग्न हाय, दीड हजार माणूस हाय, आन् मशीन दहा मिनिटं चालतंय की बसतंय. हातातलं सोडून या."

लातुरात माझं छोटं दुकान आहे. पाटीवर 'शेती अवजारे दुरुस्ती' लिहिलंय, पण फवारणी पंप आणि पॉवर वीडरच्या जोडीला आता गवत कापायची मशीनंही येतात. शहर सोडलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना लॉन्सच लॉन्स. माझ्या वडिलांचा जन्म काळ्या रानातली हरळी कुदळीनं खणण्यात गेला. हरळी घुसलेलं रान कुणी बटईनं करायलाही तयार व्हायचं नाही. आता त्याच हरळीच्या जातीचा गालिचा लोक पैसे मोजून आणतात, अंथरतात, त्याला बोअरचं पाणी देतात, आणि ती कापायचं मशीन बिघडलं की मला बोलावतात. वडील असते तर पोटभर हसले असते.

गेलो तर अर्धं लॉन कापलेलं, अर्धं वाढलेलं, आणि मधोमध मशीन उभं. चार स्ट्रोकचं, 160 सीसीचं, दोरी ओढून चालू करायचं. शेजारी माळीमामा तंबाखू मळत बसलेले. "पयलं झ्याक चालतंय बगा. मग आवाज जड व्हतोय, आन् मान टाकतंय. अर्ध्या तासानं पुन्यांदा चालू."

मी मनात निकाल लावून मोकळा झालो: पेट्रोल. आता पेट्रोलात 20 टक्के इथेनॉल असतं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि कॅन महिनोन्‌महिने पडून राहिला की पाण्याचा अंश वेगळा होऊन तळाशी बसतो. रोज पळणाऱ्या मोटरसायकलीला त्याचं काही वाटत नाही. पंधरा दिवसांतून एकदा चालणाऱ्या मशीनला वाटतं. कारबोरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, वाटी उघडली, तर तळाशी पाण्याचा एक मणी इकडून तिकडे पळत होता. झालं, माझी खात्रीच पटली. जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारं बारीक भोक, तारेनं साफ केला, टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरलं, नवा प्लग पाऊण मिलिमीटर गॅप ठेवून बसवला. दुसऱ्याच ओढीला मशीन चालू. मालकांनी चहा मागवला आणि चहा पिता पिता मी त्यांना इथेनॉलवर चांगलं व्याख्यान दिलं.

बारा मिनिटांनी आवाज जड झाला आणि मशीन तिसऱ्या पट्ट्यात बसलं.

चहाचा कप हातात धरून माणूस किती बावळट दिसतो ते मला त्या दिवशी कळलं. मालक काही बोलले नाहीत. मामा बोलले. "मिस्त्री, सकाळपासनं लाह्या भाजल्यावानी वास यायलाय. तुमाला येत न्हाई का?"

येत होता. आल्यापासून येत होता. मागे आचाऱ्यांनी भट्टी पेटवली असेल असं मी धरून चाललो होतो. मागे वळून पाहिलं. भट्टी गार होती, आचारी संध्याकाळी येणार होते. मशीनजवळ वाकून नाक लावलं. वास इंजिनाचाच होता.

दोरीचं कव्हर चार बोल्टांवर असतं. ते काढलं, खालचं पंख्याचं पत्र्याचं कव्हर सैल करून उचललं आणि आम्ही तिघंही गप्प झालो. सिलिंडरच्या एका अंगाला, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पातळ पट्ट्यांवर, म्हणजे फिन्सवर, उंदरानं घर बांधलं होतं. मंडपाच्या पडद्याच्या गुलाबी चिंध्या, सुतळी, वाळकी हरळी, थर्माकोलचे दाणे, आणि या सगळ्यात ठासून भरलेल्या अक्षता. आमच्याकडे अक्षता तांदळाच्या कमी, ज्वारीच्या जास्त. बाहेरच्या अंगाचे दाणे अजून कुंकवासारखे लाल होते, आतले खरपूस तपकिरी, आणि अगदी सिलिंडरला चिकटलेले चारदोन दाणे चक्क फुटून लाही झालेले. उंदीर कधीच पळालेला. पिल्लं नव्हती, एवढं बरं. मामांनी एक लाही चिमटीत धरून उन्हात बघितली. "पाचपंचवीस लग्नं झाली आसत्याल ह्याच्यात," म्हणाले.

या इंजिनाला पाणी नसतं, ते हवेवर गार होतं. वरचं चाक फिरतं तेव्हा त्याच्या पात्या जाळीतून हवा ओढून फिन्सवर फेकतात. फिन्स बुजल्या की उष्णता जाणार कुठं? पिस्टन फुगून आवळतो, ठिणगी देणारी कॉइल तापून दगा देते, आणि गार झालं की सगळं पुन्हा शहाण्यासारखं वागतं. पाण्याचा मणी खरा होता, पण दोषी तो नव्हता. ऑइल काढलं तर डांबरासारखं. अर्धा लिटरच्या आसपास लागतं, नवं ओतलं. आणखी दोन पट्टे तसंच चालवलं असतं तर एक तर पिस्टन गेला असता, नाहीतर पेट्रोलच्या टाकीखालीच वाळकं गवत पेटलं असतं.

गवत कापायचं पात उलटं बघितलं. बघायचं असेल तेव्हा मशीन प्लग वरच्या बाजूला येईल असं कलवायचं, नाहीतर ऑइल एअर फिल्टरमध्ये उतरतं आणि पुढचा अर्धा तास पांढरा धूर. मंडपवाल्यांच्या विसरलेल्या खुंट्यांनी धार गेलेली होती. कानशीनं धार लावली, मधल्या भोकानं खिळ्यावर टांगून बघितलं. एक टोक खाली झुकलं, ते आणखी घासलं. तोल नसलेलं पात मशीनचे बोल्ट सैल करत राहतं.

मग मालकांशी वाद. त्यांना "एकदम बारीक, कारपेटसारखं" पाहिजे होतं. गवत तीन इंचांवर गेलेलं, आणि मे महिन्यात एकावेळी उंचीचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढला की खालचे पांढरे दांडे उघडे पडतात. मी म्हणालो, दोन इंचांवर ठेवा, नाहीतर फोटोत पिवळं दिसंल. फोटोचं नाव काढलं तसे ते लगेच राजी झाले.

मामा कापत होते तोवर मालक मला मशीन ठेवायची खोली दाखवायला घेऊन गेले. कंपाऊंडच्या कोपऱ्यात पत्र्याची, आठ बाय सहाची. आत जाताच अंगावर भट्टीसारखी हवा. युरियाची पोती, पेट्रोलचा कॅन, जुने पडदे, उरलेल्या अक्षतांचं फाटकं पोतं, आणि त्याच्या शेजारी मशीनची जागा. युरिया हवेतलं पाणी ओढून पाझरतो आणि जवळचं लोखंड खातो, हे कुणी सांगितलेलं नसावं. फरशी एका कोपऱ्यात खचलेली. काळी माती, उन्हाळ्यात फाटते, पावसाळ्यात फुगते. भेगेतून थेट बाहेरचा उजेड दिसत होता. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून उंदराचं पिल्लू जातं, इथं तर माझा हात जात होता.

त्यांनी मोबाइलवर प्लास्टिकच्या तयार शेडचा फोटो काढून दाखवला. "हे घ्यावं म्हणतो." मी म्हटलं, वळवाच्या आधीची वावटळ आपल्याकडे पत्र्यावरचे दगड हलवते, हे तुमचं डबडं रेणापूरला सापडंल. शिवाय चांगल्या प्रतीचं नसलं तर आपल्या उन्हात प्लास्टिक काही वर्षांत कडक होऊन तडकतं. पत्राच घ्या, पण आधी काळी माती उकरून मुरूम भरून दाबा, जोतं फूटभर वर घ्या. पत्रे नुसत्या खिळ्यांवर नको, जे-बोल्टनं, म्हणजे आकड्यासारख्या वाकड्या बोल्टनं, आवळा. समोरासमोरच्या भिंतींना वर झरोके, त्यांना बारीक जाळी. दार पश्चिमेला नको आणि चार फुटांपेक्षा अरुंद नको. लोक शेड मोठी बांधतात आणि दार तीन फुटी ठेवतात. मग मोठं मशीन घेतलं की चौकट फोडतात. उंबरठ्याऐवजी उतार. पेट्रोल आणि खत दुसरीकडं. अक्षता तर अजिबात नको.

"एवढ्यात माणसाची खोली होईल," मालक म्हणाले. ते खरंच होतं.

मशीनच्या ठेवण्याबद्दल मी जरा जास्तच बोलतो, त्याला कारण आहे. 2016 साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं प्यायचं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात लॉनला पाणी घालायची कुणाची छाती नव्हती, सगळी मशीनं बसून राहिली. पुढच्या वर्षी माझ्याकडे आलेल्या बहुतेक मशीनांत झिजेचा बिघाड नव्हता. कारबोरेटरमध्ये पेट्रोल वाळून डिंक झालेला, केबली कुरतडलेल्या. हे सगळं मला माहीत होतं, तरी त्या सकाळी माझं नाक पेट्रोलपाशीच अडकलं.

पाच वाजता लॉन पूर्ण झालं. मशीन एकदाही बसलं नाही. बिल केलं: ऑइल, प्लग, कव्हर उघडून सफाई, पाताची धार. कारबोरेटरचे पैसे लावले नाहीत. मालकांनी विचारलं तेव्हा म्हटलं, ते माझ्या व्याख्यानात गेले.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी त्या रस्त्यानं जात होतो, म्हणून डोकावलो. मामा खराट्यानं अक्षता गोळा करत होते. पत्र्याच्या खोलीला कुलूप, आत डोकावलं तर मशीनची जागा रिकामी.

"मशीन कुठंय मामा?"

त्यांनी खराट्यानंच स्टेजमागं दाखवलं. वधूकक्ष. आरशासमोर, सोफ्याच्या शेजारी, फरशीवर पुठ्ठा अंथरून मशीन ठेवलेलं.

"पक्की फरशी हाय, खिडकीला जाळी हाय, दार बी रुंद," मामा म्हणाले. "पुढचं लगीन एकोनिसला. तवर ऱ्हाऊ द्या."