फणसासारखा भोपळा, अपडेट ३

यंदा हॅलोविनला चेहरा कोरायला हाउडन जातीचा भोपळा घ्यायचा नाही हे आधीच ठरलं होतं. हाउडन छानच असतो, कोरायलाच बनवलाय तो, पण तीन वर्षं तेच ते गुळगुळीत गोल तोंड करून कंटाळा आला. म्हणून इथे न्यू जर्सीतच एका फार्मवरून नकलहेड उचलला, अंगभर चामखिळी असतात ना तो, साधारण सात किलोचा. आई सांगलीहून आलीये, तिने दारातच विचारलं, "अगं, भोपळा आणलास की फणस?"

शनिवार. सुरुवातीलाच ब्रेक. बाईने अख्खा भोपळा कापायचा नसतो, पहिली सुरी पुरुषाने लावायची, यावर आई अडून बसली. मग नवऱ्याला हाक मारली, त्याने भोपळा कोरायच्या किटमधली ती खेळण्यातली करवत खुपसली आणि दुसऱ्याच झटक्यात पातं मोडून सालीत अडकलं. असो, शास्त्र पाळलं गेलं, पुढचा भोपळा माझा.

स्वयंपाकाची मोठी सुरी कृपया वापरू नका, इतक्या जाड सालीत ती रुतून बसते आणि ओढायला गेलं की एकदम सुटून थेट दुसऱ्या हातावर येते (गेल्या वर्षी दोन टाके). आता मी कापायच्या रेघेवर सेंटीमीटरभर अंतराने ६ मिमीची भोकं पाडते आणि मग ड्रायवॉलची (जिप्सम बोर्ड कापायची) टोकदार करवत भोकातून भोकात नेते, सुरर्र जाते. आणि कापायचं ते बुडाकडून, देठाकडून नाही, म्हणजे झाकण सुकून आत पडायची भानगड नाही, भोपळा सरळ दिव्यावर पालथा ठेवायचा.

रविवार. आतून खरवडणं. आईची नारळाची खवणी ढापली, तिच्यापुढे किटमधला चमचा म्हणजे चेष्टा आहे. जिथे चेहरा येणार तिथली भिंत इंचभर ठेवली, बाकी जाडच. गर आईने चाखला, पाणचट निघाला, घारग्यांना चालणार नाही म्हणाली. बिया मात्र तिखटमीठ लावून भाजल्या, संपल्यापण.

बुधवार. आता मेन मुद्दा. इतकी टणक साल आरपार कापायच्या नादी लागायचंच नाही. लिनोकटरने (लिनोलियमवर ठसे कोरायचं छोटं हत्यार) नुसती वरची साल सोलायची आणि खालचा गर कमीजास्त तासायचा, जितका पातळ तितका उजेड जास्त. आत टॉर्च ठेवून किचनचे दिवे घालवले तर डावा गाल मस्त केशरी पेटला होता आणि उजवा ठार काळा, म्हणून उजवा तासत गेले, तासत गेले आणि नाकपुडीपाशी भोक पडलं. तोच तुकडा दोन टूथपिकांनी परत टोचून बसवलाय, अंधारात कळत नाही. चामखिळी लिनोकटरला दाद देत नाहीत, त्यांना कानसच लागते.

कापलेल्या कडांना व्हॅसलिन लावून भोपळा रात्री गॅरेजमध्ये ठेवतेय. ३१ ऑक्टोबरला आत एलईडी लावणार, मेणबत्तीने गर आतून शिजतो.

उजव्या भुवईवर एक मोठी चामखीळ उरलीये. तासू का? आई म्हणते, राहू दे गं, तीट समज.