यूयूएनकोड डीकोडर, आवृत्ती ३: एकसष्ट अक्षरांचा हिशेब

यूयूएनकोड म्हणजे कुठलीही फाइल मेलमधून जाईल अशा साध्या अक्षरांत लिहायची जुनी पद्धत; ही स्क्रिप्ट त्या अक्षरांतून मूळ फाइल सोडवते. ती आता यूजनेट या जुन्या चर्चाजाळ्यावरच्या कॉम्प.बायनरीज.आयबीएम.पीसी या गटाचे जुने एमबॉक्स संग्रह (एकाच फाइलीत साठवलेले अनेक संदेश) थेट वाचते. मागच्या आवृत्तीत फक्त धडधाकट फायली सुटत होत्या. या खेपेचं सगळं काम मोडक्या फायलींवर आहे.

फॉरमॅट थोडक्यात. मेरी अ‍ॅन हॉर्टन यांनी तो १९८० मध्ये बर्कलीत लिहिला. तीन बाइट घ्यायचे, त्यांच्या २४ बिटांचे सहा-सहाचे चार तुकडे पाडायचे आणि प्रत्येकात ३२ मिळवायचे, की छापता येणारी चार आस्की अक्षरं मिळतात. ओळीचं पहिलं अक्षर त्या ओळीतल्या बाइटांची संख्या सांगतं, तीही ३२ मिळवून. भरलेल्या ओळीत ४५ बाइट असतात. ४५ आणि ३२ मिळून ७७, म्हणजे कॅपिटल एम. म्हणून डाव्या कडेला एमची उभी रांग दिसते. एम आणि पुढची ६० अक्षरं मिळून ओळ ६१ ची. फॉरमॅटच्या गाभ्यात चेकसम (डेटा बिघडला का ते ओळखायचा आकडा) नाही, पण ही लांबी आहे आणि दुरुस्ती बहुतेक तिच्याच भरवशावर चालते. सूत्र सोपं: बाइटसंख्येला तीनने भागून वरच्या पूर्णांकावर न्यायचं, चारने गुणायचं, एक मिळवायचा.

पायथनमधलं यूयू मॉड्यूल ३.११ मध्ये कालबाह्य ठरलं आणि ३.१३ मधून गेलंच. त्यामुळे रडायचं कारण नाही. बिनॲस्की मॉड्यूलमधलं ए-टू-बी-यूयू फंक्शन शाबूत आहे आणि एका ओळीसाठी तेवढं पुरतं. फाइल मात्र बाइट म्हणून उघडायची आणि ओळीच्या शेवटची फक्त नवी-ओळ व कॅरेज-रिटर्न ही चिन्हं काढायची. सवयीने आरस्ट्रिप लावला की शेवटच्या मोकळ्या जागाही उडतात, आणि यूयूएनकोडमध्ये मोकळी जागा हा शून्याचा डेटा असतो.

हाच घोळ जुन्या मेल-प्रोग्रामांनी वाटेत केलेला आहे. म्हणूनच पुढचे एन्कोडर शून्यासाठी मोकळ्या जागेऐवजी बॅकटिक (आस्की ९६) वापरू लागले. ३२ वजा करून ६३ शी अँड केलं की दोन्हींचं उत्तर शून्यच येतं. ओळ आखूड भरली तर फंक्शन शेवटी गुपचूप शून्यं धरतं, पण ते नेहमी बरोबर नसतं. सगळ्या फाइलीत बॅकटिक असतील आणि तरी ओळ आखूड असेल, तर ती खरोखर तुटलेली आहे. स्क्रिप्ट आता आधी बॅकटिक मोजते: एकही नसेल तर मोकळ्या जागा भरते, असतील तर ओळक्रमांक नोंदवून थांबते.

ओळ लांब भरण्याची कारणं जास्त मजेशीर. प्रत्येक ओळ ६२ ची असेल तर एन्कोडरने शेवटी एक जादा अक्षर जोडलेलं असतं. फंक्शन त्यावर ‘शेवटी कचरा’ अशी तक्रार करतं; सूत्राच्या लांबीवर ओळ कापली की काम होतं. मोजक्याच ओळी तीन-चार अक्षरांनी वाढलेल्या असतील तर संग्रह वेबपानावरून उतरवलेला आहे आणि <, > व & यांच्या जागी <, > व & हे एचटीएमएलचे संकेत बसलेत. इथे तयार अनएस्केप फंक्शन टाळा. ते कॅपिटलमधले संकेतही ओळखतं, काही तर अर्धविरामाशिवाय. आणि यूयूचा मजकूर कॅपिटलनी भरलेला असल्याने खरा डेटा संकेत समजून गिळला जातो. स्मॉल लिपीतले तीनच संकेत बदलायचे. यूयूच्या ओळीत स्मॉल अक्षर येऊच शकत नाही, त्यामुळे चूक व्हायला वाव नाही.

सगळ्यात जास्त छळलं ते टिंबाने. न्यूज आणि मेलच्या प्रोटोकॉलमध्ये टिंबाने सुरू होणारी ओळ पाठवताना टिंब दुप्पट करतात आणि घेणाऱ्याने एक काढायचं असतं. टिंब म्हणजे आस्की ४६, म्हणजे १४ बाइटांची ओळ. ती फाइलीच्या शेवटीच येते, म्हणून चाचणीत सहसा सापडत नाही. अर्धवट जतन केलेल्या संग्रहात ती २१ ऐवजी २२ अक्षरांची असते. वरच्या नियमाने शेवटून कापलं तर अख्खी ओळ एका घराने सरकते. एमवाल्या ओळी ६१ च्या असतील आणि ही एकच २२ ची, तर पुढचं टिंब काढायचं.

लांबीला न सापडणारं नुकसान इबीसीडीआयसी गेटवेंचं, म्हणजे आस्कीहून वेगळी ही अक्षरसंहिता वापरणाऱ्या आयबीएम संगणकांतून मजकूर पुढे गेल्याचं. अक्षर बदलतं, लांबी तीच राहते, आणि चौकोनी कंस हमखास बळी पडतात. नशिबाने राहुल धेसी यांच्या झू आर्काइव्हची (झिपसारखा, फायली दाबून एकत्र ठेवायचा जुना प्रकार) पहिली ओळ कायम एम, अंक ६, डी, उजवा चौकोनी कंस आणि तिरकी रेघ अशी सुरू होते. कंसाच्या जागी दुसरं काही दिसलं की तेच बदललेलं चिन्ह, सगळीकडे परत फिरवायचं. मात्र ते चिन्ह स्वतः यूयूच्या ६४ अक्षरांपैकी असेल तर हा उपाय चालत नाही. काही पोस्टमध्ये बिगिनच्या (डेटा सुरू होतो हे सांगणाऱ्या ओळीच्या) आधी टेबल या शब्दाखाली ६४ अक्षरांची यादी दोन ओळींत दिलेली असते; ती असेल तर तर्क लढवायची गरजच नाही.

मोठी फाइल अनेक पोस्टमध्ये विभागलेली असते; तिचे भाग जोडताना क्रमांक आकडा म्हणून लावा, नाहीतर १० वा भाग २ च्या आधी बसतो. बिगिननंतर तीन-चार ऑक्टल अंक आणि नाव असेल तरच ओळ खरी माना. नावातला पाथ टाकून द्यायचा, परवानगीच्या अंकांकडे पाहायचंच नाही.

पडताळणी झू आणि झिपसाठी त्यांच्या आतल्या सीआरसीवर (एक प्रकारच्या चेकसमवर) सोडली आहे. जिफमध्ये सीआरसी नाही. शेवटचा बाइट हेक्स ३बी आहे का एवढंच तपासलं जातं, आणि ते कमीच आहे.

बाकी राहिलं एक्सएक्सएनकोड, म्हणजे तीच पद्धत पण वेगळ्या अक्षरांच्या तक्त्याची. तिथेही सुरुवात बिगिनचीच, पण भरलेली ओळ स्मॉल एचने सुरू होते, म्हणून सध्या स्मॉल अक्षरांच्या चाळणीत सगळ्याच ओळी बाद होतात. पुढच्या आवृत्तीत बिगिननंतरची पहिली ओळ पाहून तक्ता निवडला जाईल.