बिल्ल्याने मत मिळतं का?

जुन्या राजकीय बिल्ल्यांबद्दल मी कुठेही बोलले, की चहाच्या वेळी कुणीतरी हमखास गाठतं. "मॅडम, ते सगळं ठीक आहे, पण बिल्ला लावून कधी कुणाला मत मिळालंय का हो?" बहुतेक वेळा हातातला चहा गार होत असतो, म्हणून मी हसून वेळ मारून नेते. परवा पुन्हा तुम्ही विचारलंत, म्हणून एकदाचं सांगते.

बिल्ल्यांचं वेड लहानपणीचं. प्रचाराची जीप गल्लीत शिरली की आम्ही पोरं "ओ काका, बिल्ला द्या ना" करत मागे धावायचो. पक्षाशी देणंघेणं शून्य. ज्याच्याकडे जास्त चिन्हं, तो राजा. पुढे ग्राफिक डिझाइन हाच पोटापाण्याचा धंदा झाला आणि तेच बिल्ले माझ्याकडे काम म्हणून यायला लागले. गोल कागद, वर पारदर्शक फिल्म, खाली पत्र्याची वाटी, मागे पिन, आणि मशीनचा दांडा दाबला की झालं. सोपं वाटतं. एका महिला संस्थेसाठी मी दोनशे बिल्ले केले होते, दोन ओळींत "स्त्रियांना / मताधिकार". कडेला दुमडायला जागा सोडली होती ती कमी पडली, त्यात कटिंग दोन मिलिमीटर सरकलं. वरच्या ओळीतली पहिली वेलांटी आणि अर्धा "स" पत्र्याच्या मागे गेले. उरलं "त्रयांना मताधिकार". दोनशेच्या दोनशे. त्या बाईंनी मला काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही.

इंग्रजीत हे काम सोपं होतं हे मान्य करायला हवं. "व्होट्स फॉर विमेन", म्हणजे बायकांना मत द्या, ही ब्रिटनमधल्या स्त्री-मताधिकार चळवळीची घोषणा. तीन छोटे शब्द. वर मात्रा नाही, खाली उकार नाही. शिवाय वेळही जुळून आली होती. सेल्युलॉइडचं आवरण आणि मागे पिन असलेल्या बिल्ल्याचं पेटंट अमेरिकेत 1896 साली घेतलं गेलं, आणि दहा-बारा वर्षांत लंडनच्या बायका एका पेनीला तो विकत होत्या.

त्या चळवळीच्या रंगांचं श्रेय एमेलिन पेथिक-लॉरेन्स यांचं. पँकहर्स्ट मायलेकींची विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियन ही मताधिकारासाठी लढणारी संघटना, तिच्या त्या खजिनदार. 21 जून 1908 ला हाइड पार्कात प्रचंड सभा व्हायची होती, तिच्यासाठी त्यांनी जांभळा, पांढरा, हिरवा ठरवले: आत्मसन्मान, निर्मळपणा, आशा. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून "ग्रीन, व्हाइट, व्हायोलेट म्हणजे गिव्ह विमेन व्होट्स" असं जे सांगतात ना, ती मागाहून रचलेली गंमत आहे. ती सांगून त्या काळातला कुठलाही हिरव्या-जांभळ्या खड्यांचा दागिना चळवळीचा म्हणून चढ्या भावात खपवला जातो, म्हणून मला तिचा जरा राग आहे. या तीन रंगांची खरी हुशारी व्यवहारातली होती. पांढरा पोशाख बहुतेकींकडे असायचा. त्यावर जांभळी-हिरवी फीत लावली की झाला गणवेश. आपल्याकडे मोर्चाला "सगळ्यांनी पांढरी साडी नेसून या" सांगतात, तेच.

पण मी वेडी आहे ती एका ब्रूचवर. 1909 सालचा, चांदीचा, या चळवळीपायी लंडनच्या होलोवे तुरुंगात जाऊन आलेल्यांना दिलेला. काढला सिल्विया पँकहर्स्टने, जी रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये शिकलेली होती. वरून खाली सोडायचा लोखंडी जाळीचा दरवाजा, दोन्ही बाजूंना लोंबणाऱ्या साखळ्या, आणि मधोमध जांभळ्या-पांढऱ्या-हिरव्या मिन्याचा बाण. जाळीचा दरवाजा हे ब्रिटिश संसदेचं चिन्ह. बाण ही सरकारी मालाची खूण, कैद्यांच्या कपड्यांवर उमटवलेली. म्हणजे ज्या संसदेने दार लावून घेतलं तिचं चिन्ह घेतलं, ज्या खुणेने लाज वाटायला हवी होती ती रंगवून त्यावर बसवली, आणि हे सगळं उजळ माथ्याने गळ्यापाशी टोचून बाया रस्त्यावर फिरल्या. वरून एक अक्षरही लिहिलेलं नाही. आम्ही ग्राहकाला तीन-तीन पर्याय दाखवतो, त्यातला एकही इतका घट्ट नसतो.

त्याच वर्षी मॅरियन वॉलेस डनलॉप या चित्रकार बाईंनी संसदेच्या सेंट स्टीफन्स हॉलच्या भिंतीवर रबरी शिक्क्याने इंग्लंडच्या जुन्या हक्कनाम्यातलं (बिल ऑफ राइट्स) एक कलम उमटवलं: राजाकडे अर्ज करणं हा प्रजेचा हक्क आहे. तुरुंगात त्यांनी अन्न सोडलं, 91 तासांनी सरकारने त्यांना सोडलं. या चळवळीतलं ते पहिलं उपोषण. मग उपोषण करणाऱ्यांसाठी युनियनने पदकं काढली. त्यावर "शौर्यासाठी" हेच शब्द, जे व्हिक्टोरिया क्रॉस या ब्रिटनच्या सर्वोच्च लष्करी शौर्यपदकावर असतात. ज्यांना जबरदस्तीने नळीने अन्न घातलं, त्यांच्या फितीवर तीन रंगांच्या मिन्याची पट्टी.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. 1911 साली मुंबईच्या हेराबाई टाटा लेकीला, मिथनला, घेऊन काश्मीरला हवापालटाला गेल्या होत्या. श्रीनगरात त्यांची गाठ पडली सोफिया दुलीप सिंग यांच्याशी, म्हणजे महाराजा रणजितसिंहांची नात, राहणार इंग्लंडात. त्यांच्या अंगावर एक छोटा बिल्ला होता, हिरवा-पांढरा-पिवळा, "व्होट्स फॉर विमेन". (हे रंग चळवळीतल्या दुसऱ्या गटाचे, विमेन्स फ्रीडम लीगचे.) हेराबाईंनी विचारलं, हे काय आहे? ओळख तिथून वाढली, आणि आपली आई या कामात कशी ओढली गेली ते मिथनबाईंनी पुढे लिहून ठेवलं आहे. 1919 मध्ये या मायलेकी लंडनला गेल्या आणि हिंदी स्त्रियांना मत द्या म्हणून पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष देऊन आल्या. त्या वर्षीच्या कायद्याने निर्णय प्रांतांवर सोडला. 1921 साली मुंबई इलाख्याने स्त्रियांना मत दिलं. अर्थात मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या मूठभर बायकांनाच. मिथन बॅरिस्टर होऊन मुंबई हायकोर्टात उभी राहिली, आणि 1947 मध्ये मिथन लाम (हे सासरचं आडनाव) या मुंबईच्या पहिल्या महिला शेरीफ झाल्या, म्हणजे शहरातलं एक मानाचं पद.

एका बिल्ल्याने हे सगळं केलं असं मी म्हणणार नाही. याच मागणीसाठी झटणाऱ्या रमाबाई रानडे होत्या, मार्गारेट कझिन्स होत्या, सभा होत्या, अर्ज होते. पण श्रीनगरात एका बाईने दुसरीला प्रश्न विचारला तो त्या बिल्ल्यामुळे.

माझे ते दोनशे बिल्ले संस्थेने परत केले. त्यातला एक मी झोळीला लावून ठेवलाय. मध्यंतरी पीएमटीत शेजारच्या आजींनी चष्मा सरसावून तो वाचला, दोनदा वाचला, आणि म्हणाल्या, "त्रयांना म्हणजे तिघांना ना गं? कुठल्या तिघांना?"

मग स्वारगेट येईपर्यंत मी त्यांना सांगत बसले.